शंभर तितर आणि हरिचंदन चितारी

एका राज्यात राजाला शिकारीचा नाद होता, मंत्र्यांना मानाचा होता, आणि हरिचंदन चिताऱ्याला मात्र रानातले जीव कसे लपतात हे पाहण्याचा. वीस वर्षे तो गवतात पालथा पडून हरणे न्याहाळी आणि चित्रात त्यांची पोटे पांढरी रंगवी. दरबार फिदीफिदी हसे. हसेना का! लेक चारुलेखा रंग घोटून देई, तेवढे त्याला पुरे होते.

एके दिवशी धूम्रकेश मांत्रिक पालखीतून दरबारात आला. "माझ्या मंत्राने काहीही लपते," तो म्हणाला.

हरिचंदनाची जीभ कसली गप्प बसते! "रानातला रातवा पक्षी तुमच्याहून बरा लपतो," तो बोलून गेला.

मांत्रिकाने रागाने चिमूटभर राख फुंकली. चारुलेखा तितर होऊन भुर्रकन उडाली.

"मी लपवलेले तीन जीव शोध, तिसरी तुझी लेक. एकदा जरी चुकलास, तर लेक जन्मभर तितरच राहील."

पहिला, पाचोळ्यातला रातवा. हरिचंदन आडवा झाला, त्याला डोळ्याची बारीक फट दिसली. "सापडलो बुवा," म्हणून रातवा उडून गेला. दुसरा, वेलीवरचा सरडा. वाऱ्याने वेल हलली, सरडा किंचित मागे राहिला. "रंग जमतो, ठेका चुकतो," सरडा हळहळला.

तिसऱ्या खेपेस राजा आणि दरबारासमोर माळावर शंभर तितर सुटले, सगळे एकसारखे. "चारू!" बापाने हाक मारली. शंभर माना वळल्या.

त्याने डोळे पुसले. "महाराज, सूर्य माथ्यावर येईतो थांबावे."

"थांबू," राजा म्हणाला.

भर दुपारी तो मातीत पालथा पडला. खऱ्या तितराची पाठ गडद, पोट फिके. उन्हाने पाठ उजळे, सावलीने पोट काळवंडे, दोन्ही सारखे होऊन पाखरू मातीत विरे. नव्याण्णव विरले. एक उरले, गोल गरगरीत, पोटाखाली काळेकुट्ट! उभ्या जन्मात पालखीतूनच पाखरे पाहिलेल्या मांत्रिकाने पाठीचाच रंग पोटाला फासला होता.

"हीच माझी लेक!" हरिचंदनाने झेप घालून तिला उराशी धरले. शाप तुटला. मांत्रिकाची विद्या आटली आणि तो मान खाली घालून राज्याबाहेर चालता झाला.

"बाबा, किती हो वेळ लावलात!" म्हणत चारुलेखा त्याच्या गळ्यात पडून रडली.

राजाने मुकुट प्रधानाच्या हाती दिला. "हरिचंदना, मलाही दाखव," म्हणाला, आणि भरजरी अंगरख्यासकट मातीत पालथा पडला. मागोमाग सारा दरबार पडला. जशी चिताऱ्याची लेक त्याला सापडली, तशी ज्याची त्याची माणसे ज्याला त्याला सापडोत.