सात वीसची बस

सकाळचे सात वाजून वीस मिनिटे झाली होती, तेव्हा ही गोष्ट सुरू झाली. एका गावी एक वृद्ध उस्ताद राहत असे. चाळीस वर्षे त्याने माळावर पोरांना गाडी चालवायला शिकवली होती. तालुक्यातले निम्मे ड्रायव्हर त्याचेच चेले. त्यांतल्या सर्वांत लाडक्या चेल्याने नवी पांढरी गाडी घेतली. पहिल्या फेरीला उस्तादाला शेजारी बसवायचे अशी त्यांची रीत. म्हणून हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून, त्याने ती उस्तादाच्या दारात आणून उभी केली.

उस्तादाने बॉनेटवरून मायेने हात फिरवला. नारळ फोडला. मग काठी घेतली आणि गाडीला वळसा घालून तो फाट्यावर जाऊन उभा राहिला. बस आली. त्याने हात केला, बस थांबली, तो चढला. पुढच्याच थांब्यावर उतरला आणि दुखरे गुडघे सांभाळत दोन किलोमीटर चालत परत आला.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. असे चार महिने चालले. काम नाही, बाजार नाही, नुसते जायचे आणि यायचे. गावाला आयतेच मिळाले. कुणी म्हणे, उस्तादाचा चेल्याच्या ब्रेकवर भरवसा नाही. कुणी म्हणे, म्हाताऱ्याचा जीव कंडक्टरबाईवर जडलाय. चेला वरवर हसायचा, पण त्याला ते लागायचे.

एके काळी त्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसे. मग घरोघरी मोटारसायकली आल्या, जीपा आल्या, गाड्या आल्या. तालुक्याला शिकणाऱ्या पोरांचे डबे तेवढे अजून बसने जात. माणसे जात नसत. डब्यांनी भारमान भरत नाही. भारमान म्हणजे किती जागा भरल्या ते. शेवटी डेपोवाल्यांनी पारावर येऊन विचारले, की बस बंद केली तर चालेल का? सगळे म्हणाले, खुशाल करा, आता कुणाला लागते? पण विचारले ते पारावर, आणि पारावर गाडीवालेच बसलेले होते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी चेला बसच्या मागोमाग गाडी घेऊन गेला. उस्ताद खाली उतरताच त्याने दार उघडले.

"उस्ताद, माझं काही चुकलं असेल तर कानाखाली मारा. पण गावात माझं हसं करू नका."

उस्ताद रस्त्याकडेच्या दगडावर टेकला. थोडा दम खाऊन त्याने विचारले, "तुझी बायको माहेरी शेवटची कधी गेली होती?"

चेला आठवू लागला. गाडी घ्यायच्या आधी ती दर महिन्याला जायची. याच बसने, घाटाखाली, दीड तासाची वाट. गाडी आल्यापासून मात्र तिचे जाणे राहिलेच. तिच्या आईची नजर दिवसेंदिवस कमी होत चालली होती, आणि दिसतेय तोवर नात दाखवून आणते असे ती दोनदा-तीनदा म्हणाली होती. तो म्हणाला होता, रविवारी नेतो. पण रविवारी कुणाचे लग्न निघे, कुणाला दवाखान्यात न्यायचे निघे.

"नेणार आहे मी," तो म्हणाला. "पण दारात गाडी असताना ती फाट्यावर उभी राहिली, तर लोक काय म्हणतील?"

"बस रोज तुझ्या घरावरून जाते," उस्ताद म्हणाला. "खिडकीतून मला तुझं अंगण दिसतं. हॉर्न वाजला की ती पोरीला घेऊन बाहेर येते आणि बस वळणाआड जाईपर्यंत उभी राहते. पोरीला टोपडं बांधलेलं असतं, पायात मोजे असतात. घरातल्या घरात कुणी लेकराला मोजे घालतं का?"

लेकराच्या कानाला वारा लागू नये म्हणून प्रवासाला निघताना आई काय काय करते, हे ज्यांनी केले त्यांना सांगायला नको.

"तर मग उद्याच नेतो," चेला म्हणाला.

"नेशील. म्हणूनच इतके दिवस बोललो नाही. बोललो असतो, तर एकदा नेऊन आणली असतीस आणि मोकळा झाला असतास. पुढच्या महिन्याचं काय? पोरा, गाडी तुझी आहे. तू भला आहेस, पण तिला दर वेळी तुझी सवड बघावी लागणार, तुझा चेहरा बघून विचारावं लागणार. बसला नुसता हात करायचा असतो. त्यात कुणाचं मन सांभाळावं लागत नाही. माझ्या एकट्यानं भारमान भरत नाही, ते मलाही कळतं. पण फाट्यावर कुणी चढलंच नाही तर बस नुसते डबे घेऊन जाते, आणि नुसते डबे नेणारी बस एक दिवस यायचीच बंद होते. ती बंद झाली, की तुझ्या बायकोचं माहेर तुझ्या किल्लीत जाईल."

चेल्याने उस्तादाला हाताला धरून गाडीत बसवले आणि सावकाश घरी सोडले.

दुसऱ्या दिवशी गाडी अंगणातच राहिली. चेला खांद्यावर पिशवी घेऊन बायकोच्या मागे फाट्यावर आला. पारावरून एक जण ओरडला, "काय रे, पंक्चर का?" चेला म्हणाला, नाही, गाडी ठणठणीत आहे. बस दिसली. बायकोने त्याच्याकडे पाहिले, तसा तो एक पाऊल मागे सरला. हात तिनेच केला.

त्या दिवशी घाटाखालच्या एका ओसरीत एका म्हातारीने नातीला उजेडात धरले, डोळे बारीक करून कितीतरी वेळ पाहिले आणि सांगितले की नाक आपल्यावरच गेले आहे.

ती बस अजून येते. किती दिवस येईल, ठाऊक नाही. म्हणून एवढेच मागणे आहे, की ज्यांच्या दारात गाडी उभी आहे त्यांच्या कानावर ही गोष्ट घाला. आणि पारावर सांगाल, तशी घरात आत जाऊनही सांगा.