टेकायची भिंत

“पाण्याने जात नाही, तर मग कशाने जातो हा, अय्या?”

बसवंताने विचारलं तेव्हा त्याच्या हातातल्या धुवायच्या गनमधून अजून पाणी ठिबकत होतं. मशीन नुकतंच बंद केलं होतं. एवढ्या आवाजानंतर मठाचं आवार एकदम बहिरं झाल्यासारखं वाटलं.

अय्या, म्हणजे आमच्या मठाचे स्वामी, ओट्यावर बसून शेंगा सोलत होते.

“कोण?” त्यांनी विचारलं.

“कोण काय? डाग. हा डाग.”

“असं होय. मला वाटलं, कुणा माणसाबद्दल बोलतोयस.”

मी मठाच्या समोरच राहते. मशीनला वीज माझ्या पडवीतल्या बटनावरून घेतली होती, त्यामुळे तिथे बसून बघायचा मला हक्क होता. नसता तरी बसले असते.

बसवंत लहानपणी चार वर्षं अय्यांकडे शिकायला होता. पुढे सूतगिरणीत लागला. गेल्या महिन्यात गिरणी सोडून त्याने कोल्हापूरहून पाण्याच्या प्रेशरचं मशीन आणलं. भिंती, फरशा, पायऱ्या, ट्रॅक्टर, जे मळलं असेल ते धुऊन द्यायचं. त्याची बायको अक्काताई मात्र लेकीला घेऊन माहेरी गेली. “मोठं काम मिळालं की निरोप धाडा, दुसऱ्या दिवशी येते,” एवढंच म्हणाली. भांडली नाही. त्याचीच त्याला जास्त भीती.

मोठं काम म्हणजे जत्रेचं. देवळाचं आवार, डोंगरावरच्या पायऱ्या, दोन्ही धर्मशाळा. जत्रेच्या कमिटीने सांगितलं होतं, आधी मठ धुऊन दाखव. चार वाजता येतो. एक डाग दिसला तर काम दुसऱ्याला.

सकाळी आठला त्याने सुरुवात केली. दारातली पायरी अर्धी धुतली आणि अर्धी तशीच ठेवली.

“ही ह्या धंद्यातली गंमत आहे, काकी,” तो मला म्हणाला. “सगळं धुतलं तर कुणाला कळत नाही. अर्धं धुवायचं. बाजूला बाजू दिसली की माणूस स्वतःहून म्हणतो, बाबा, उरलेलं पण धू.”

खरंच तसंच झालं. ती अर्धी पायरी बघून मीच म्हणाले, उरलेली पण धू रे.

बारापर्यंत मठ असा निघाला की जणू दगड आजच घडवून बसवलेत. शेवाळ गेलं, दिव्यांची काजळी गेली, कबुतरांची घाण गेली.

उरली ती पिंपळाकडची भिंत.

तिला आम्ही टेकायची भिंत म्हणतो. कुणाचं कुणी गेलं, कुणाचं घर मोडलं, कुणाला रात्रंदिवस काही खात असलं, तर ते माणूस येतं आणि त्या भिंतीला पाठ टेकून बसतं. कुणी काही विचारत नाही, ते काही सांगत नाही. बसून झालं की उठतं आणि निघून जातं. आमच्या आज्या बसल्या, त्यांच्या आज्या बसल्या. इतक्या पाठी टेकून टेकून दगडाला काळा, तेलकट डाग पडलेला. माणूस बसल्यावर पाठ आणि डोकं जिथे येतं, बरोबर तेवढाच.

माझी थोरली लेक लहानपणीच गेली, त्या वर्षी मीही बसले होते. उठले तेव्हा पाय हलके झाले होते. तिची आठवण अजून येते, पण चावत नाही.

बसवंताने त्या डागावर पहिल्यांदा पाणी मारलं तेव्हा सगळी भिंतच ओली होऊन काळी झाली. डाग दिसेना. तो खूश झाला.

मग ऊन लागलं. भिंत वाळत गेली तशी करडी पडत गेली. वरून करडी झाली, खालून झाली, दोन्ही बाजूंनी झाली. मधे डाग तसाच.

त्याने गनच्या टोकाचं नोझल बदललं, जवळून मारलं. पुन्हा वाळली. पुन्हा मधे डाग.

तिसऱ्या वेळी त्याने डाग काढायचं औषध फासलं, अर्धा तास थांबला, आणि मग दात खाऊन मारलं.

वाळली तेव्हा मी माझ्या पडवीतून उठून जवळ गेले. आधी खांद्यांच्या वर डाग गोलमटोल होता, नुसता डोक्याएवढा. आता त्याला मान आली होती.

मी मनाशी म्हटलं, माझे डोळे कच्चे झालेत.

धुतलेलं पाणी उताराने माझ्या दारावरून वाहत होतं. माझ्या कोंबड्या एरवी चिखलात लोळतात. त्या दिवशी मात्र ओघळाच्या अलीकडे ओळीने उभ्या राहिल्या. एकही पाय घालेना. मी ओघळात बोट बुडवून बघितलं. बसवंत आडाचं पाणी वापरत होता, हात गारठवणारं. ओघळातलं पाणी कोमट होतं. अंगाच्या उबेचं.

तेव्हा कुठे त्याने मशीन बंद केलं आणि अय्यांना विचारलं.

“कमिटी येईल आता,” तो म्हणाला. “तीन वाजून गेले.”

“मठ छान दिसतोय,” अय्या म्हणाले.

“पण हा डाग...”

“राहू दे.”

“राहू दे कसं? तेवढाच दिसणार त्यांना. एवढं सगळं धुतलंय ते नाही दिसणार, हाच दिसेल.”

“खरं आहे. धुतलेलं दिसत नाही.”

“चेष्टा करू नका, अय्या.”

“नाही करत. शेंग खा.”

बसवंताने शेंग घेतली नाही. भिंतीकडे बघत उभा राहिला.

“ट्रॅक्टरच्या इंजिनाचं दहा वर्षांचं ऑइल काढलंय मी,” तो म्हणाला. “खाटकाच्या दुकानातली फरशी पांढरी केलीय. हा तर नुसता माणसांच्या पाठीचा मळ.”

अय्या शेंग सोलायचे थांबले.

“मळ?”

“मग काय आहे?”

“काकीला विचार,” अय्या म्हणाले.

मला काय विचारायचं? मी ओट्यापाशी येऊन पदर सावरला आणि म्हणाले, “बाळा, कमिटीला सांगू की आपण. त्यातल्या अर्ध्यांच्या पाठी लागल्यात इथे. त्यांना काय माहीत नाही?”

“काकी, मागच्या वर्षीची कमिटी असती तर गोष्ट वेगळी. आता पोरं आहेत. त्यांना फोटो पाहिजेत.” मग हळूच म्हणाला, “लेक माझी परवा फोनवर विचारत होती, पप्पा, मशीन चाललं का? तिला काय सांगू? एका डागापाशी अडलंय म्हणून?”

तो अय्यांच्या पायाशी जाऊन बसला. मघाचा ताठा जरा उतरला होता, पण सगळा नाही.

“तुम्हाला माहीत आहे हा कशाने जातो. सांगा.”

“माहीत आहे.”

“मग?”

“तुला पाहिजे ते हे नाही, बसवंता.”

“मला तेच पाहिजे. भिंत कोरी पाहिजे.”

“कोरी?”

“कोरी.”

“नक्की?”

“किती वेळा सांगू, अय्या?”

“मी तीन वेळा विचारतो. दोन झाल्या.”

बसवंत हसला. “नक्की. बास?”

अय्यांनी मांडीवरची टरफलं झाडली. बराच वेळ ते भिंतीकडे बघत होते, जसं आपण स्टेशनवर कुणाला पोचवायला गेल्यावर बघतो.

“बसून जातो,” ते म्हणाले.

“काय?”

“डाग. बसून जातो. जा, टेकून बस.”

“तेवढंच?”

“तेवढंच. आजवर कुणी ह्यासाठी बसलं नव्हतं.”

बसवंताने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून. त्याला ते हो वाटलं की काय कोण जाणे. तो उठला, अंगातला रबरी कोट काढून ठेवला. आत धुवट पांढरा शर्ट होता, कमिटीसमोर नीट दिसावं म्हणून घातलेला. भिंतीपाशी जाऊन त्याने मांडी घातली आणि पाठ टेकली.

त्याची पाठ डागात बरोबर बसली. डोकं डोक्यावर, खांदे खांद्यांवर. मान मानेवर.

“गार आहे,” तो म्हणाला.

मग त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

पिंपळाची पानं एरवी वारा नसला तरी सळसळतात. ती थांबली. मशीनच्या पाइपातून एक थेंब पडला, त्याचा आवाज मला माझ्या पडवीत ऐकू आला असता इतकं शांत झालं होतं. बसवंताचे डोळे मिटले. ओठ हलत होते. पोथी म्हणतोय म्हणावं तर तसं नव्हतं. एकामागून एक वेगवेगळी माणसं त्याच्या तोंडाने हळूहळू काहीतरी सांगत असावीत, असं ते हलणं होतं.

मी अय्यांना म्हणाले, “उठवा की त्याला.”

“तिथून कुणाला उठवत नाहीत,” ते म्हणाले. “तुला उठवलं होतं का?”

...

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. लांबून मोटरसायकलींचा आवाज यायला लागला. कमिटी ओढ्यापाशी आली असावी.

बसवंताने डोळे उघडले. झोपेतून उठल्यासारखं इकडेतिकडे बघितलं आणि जमिनीवर हात टेकून उठला. जरा जड उठला. तिशीतलं पोरगं, म्हाताऱ्यासारखं उठलं.

तिथून उठलेलं माणूस मागे बघत नाही. आमच्याकडे लहान पोरालाही हे ठाऊक आहे. पण बसवंत पडला धुणारा. धुतल्यावर वळून बघायची त्याची सवय.

तो वळला.

भिंत कोरी होती. सगळी एकसारखी करडी, नव्या दगडासारखी. मधे काही नव्हतं. इतकं काही नव्हतं की मला तिथे बघवेना.

“गेला!” बसवंत ओरडला. “अय्या, गेला! काकी, बघा की!”

मी भिंतीकडे बघत नव्हते. तो वळला होता, आणि त्याची पाठ आमच्याकडे होती.

पांढऱ्या शर्टावर मानेपासून कमरेपर्यंत काळं उमटलं होतं. शर्टाच्या वर, कॉलरच्या बाहेर, मानेच्या कातडीवरही. खाली डाव्या बाजूला एक छोटा गोल होता. मी बुटकी. बसले की माझा अंबाडा इतर बायकांपेक्षा खाली टेकतो. तो गोल मी ओळखला.

माझ्या तोंडून शब्द फुटणार तोच अय्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

बसवंताने खिशातून फोन काढला आणि भिंतीचा फोटो घेतला. “अक्काताईला धाडतो. म्हणावं, उद्याच्या गाडीने या.” बोलता बोलता त्याने बाहीने डोळे पुसले. पुसले, तरी ते परत भरले.

“काकी, औषध गेलं वाटतं डोळ्यांत.”

“हो रे बाळा.”

“आणि एक गंमत सांगू?” तो भिंतीकडेच बघत होता. “मला कुणाची तरी फार आठवण येतेय. लहान पोरगी आहे. पिवळा फ्रॉक. माझ्या लेकीकडे पिवळा फ्रॉकच नाही.”

मी खाली बसले.

मोटरसायकली दारात येऊन थांबल्या. पोरं उतरून आत आली, कोऱ्या भिंतीकडे बघून त्यांनी शिट्टी वाजवली. एकाने तिथल्या तिथे बसवंताच्या हातात हात दिला. काम त्याचं झालं.

बसवंताचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. तो अय्यांकडे बघत होता, गाल ओले, आणि चेहऱ्यावर लहानपणी पाटीवर बेरीज बरोबर आल्यावर यायचं तसं हसू.

“गेला ना, अय्या?”

अय्यांनी मुठीतली शेंग त्याच्या हातावर ठेवली.

“भिंतीवरून गेला,” ते म्हणाले.