गेनबाची हवेची टाकी

एका गावात एक भोळा हवावाला होता. नाव त्याचं गेनबा. एसटी स्टँडजवळ त्याचं टायरात हवा भरायचं दुकान. त्यात एक म्हातारा कॉम्प्रेसर आणि घागरीएवढी टाकी. दोन चाकं भरली की हवा संपायची आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायचं.

बायको मथुरा म्हणाली, "अहो, जत्रा आठ दिवसांवर आली. यंदाही हवा पुरली नाही, तर दुकानाला कुलूपच लावू. मोठी टाकी आणा. पण आधी गावातले टायर मोजा, मग त्या मापाची घ्या."

"बरं," गेनबा म्हणाला.

त्याने गाड्यांचे टायर मोजले. पत्रे उडू नयेत म्हणून छपरांवर ठेवलेले मोजले. चिंचेला टांगलेला पोरांचा टायरचा झोकाही मोजला. मग तेवढ्या मापाची टाकी ट्रॅक्टरवर घालून आणली. ती दुकानाच्या दारातून आत जाईना.

"अहो, काही आणायच्या आधी दार मोजायचं!"

"बरं. पुढच्या वेळी मोजीन."

टाकी दुकानापुढच्या अंगणातच बसवली. दुसऱ्या दिवशी मथुराने त्याला मेथी आणायला धाडलं. गेनबाने घराचं दार मोजलं आणि बरोबर दाराएवढी मेथी आणली. आत येताना एक पानही घासलं नाही.

"घरात माणसं दोन!" मथुरा ओरडली. "गरज किती, साठा किती? दोन्हींचा मेळ नको बसायला?"

"बरं. पुढच्या वेळी बसवीन."

चार दिवस कॉम्प्रेसर धडधडला, तेव्हा कुठे टाकी भरली. जत्रा आली. चाळीस गाड्या आल्या. पण सगळ्यांची चाकं टणक. दुकानात कुणी फिरकेना. मथुरा देवीला नारळ फोडायला गेली.

परत आली तर काय! दुकानापुढे ही गर्दी.

"ए हवावाल्या, आटप की! सगळी चाकं बसलीत!"

"देवी पावली!" मथुरा हरखली. "अहो, बघत काय उभे राहिलात?"

"देवी नाही, मी," गेनबा लाजत म्हणाला. "गरज कमी, साठा जास्त. मेळ बसेना. म्हणून सगळ्या गाड्यांची हवा सोडली."

मथुरा खाली बसली. मग हळूच म्हणाली, "बरं, आता निदान भरा तरी लवकर."

"कशी भरू? टाकी तर छपरांवरच्या टायरांसकट घेतलेली. एवढं करूनही साठा जास्तच, मेळ बसेना. मग टाकीतली हवाही सोडून दिली."