पाचव्या उद्गाराची हाक

विहिरीच्या कठड्यावर यंदा कळशी नव्हती. ओढ्याच्या अलीकडून मला सगळ्यात आधी तेच दिसलं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, वरल्या वाड्याच्या बायका सकाळीच कळशी घासून तिथं पालथी घालून ठेवतात. पाणी त्यांचं आणि हाक आमची, अशी बोरखडीची रीत आहे. दुपारच्या उपासनेत क्रुसावरचे सात उद्गार वाचताना पाळक पाचव्यापाशी थांबतात, ‘मला तहान लागली आहे’ इथं. मग खालल्या वाड्यातली एक मुलगी ओढ्यावर जाऊन पाणी मागते. पलीकडून ओ येऊन पाणी चर्चपाशी पोचेपर्यंत सहावा उद्गार वाचत नाहीत.

यंदा हाक माझ्याकडे आली होती. जानेवारीत माझ्या भावानं, अनोशनं, वरल्या वाड्यातल्या रिबेकाशी कचेरीत जाऊन लग्न केलं. तेव्हापासून वरला वाडा चर्चमध्ये पाऊल टाकत नाही. रिबेका आमच्या घरात राहते; तीन महिन्यांत तिच्या आईनं तिचं तोंड पाहिलेलं नाही. पाळकांनी सांगून ठेवलं होतं की आज ओ आली नाही, तर पुनरुत्थानाच्या रविवारी दोन वाड्यांच्या दोन उपासना होतील. “तुमच्या घरानं मोडलं, तुमच्याच घरानं हाक मारावी,” असं मंडळीत ठरलं.

हाक मारणारीसोबत एक म्हातारं माणूस जातं, तिला गोष्ट सांगायला. माझ्यासोबत नथूआबा आले. काठावर पाय ठेवला तोच टिटवी ओरडत उठली आणि मी आबांचा दंड घट्ट धरला.

“टिटवीला भिती, आन् आख्ख्या वाड्याला हाक मारणार,” आबा म्हणाले. मग दगडावर टेकून त्यांनी सांगितलं.

फार मागं दोन्ही वाड्यांनी एकाच दिवशी याच ओढ्यात बाप्तिस्मा घेतला. गावानं दोघांनाही वेशीबाहेरच ठेवलेलं. तरी वरले खालल्यांना विहिरीवर चढू देत नसत. “देव एक झाला, पोहरा एक झाला नाही,” आबा म्हणाले. खालच्या बायकांनी इथं उभं राहून ‘पाणी वाढा ओ, माय’ म्हणायचं, आणि वरलीला सवड झाली की तिनं येऊन उंचावरून ओतायचं.

पुढं दुष्काळ पडला. उत्तम शुक्रवारी वरला वाडा विहिरीजवळच्या लिंबाखाली उपासनेला बसला होता. दीना नावाची खालची बाई घागर घेऊन इथं आली. तिची चार वर्षांची पोर तापानं फणफणत होती आणि घरात थेंब नव्हता. तिनं हाक मारली तेव्हा उपदेशक पाचवा उद्गार वाचत होता, असं सांगतात. तो थांबला. सगळ्यांनी ऐकलं. पण अंगावर सणाची पांढरी वस्त्रं होती, खालच्यांचा विटाळ नको होता, आणि दुसरं कुणीतरी उठेल असं प्रत्येकाला वाटलं. उपदेशकानं सहावा उद्गार वाचला, मग सातवा. आशीर्वाद झाल्यावर एकजण पाणी घेऊन गेली. तोवर पोर गेली होती.

रविवारी दीना ओढा ओलांडून थेट लिंबाखाली आली. ती रडली नाही म्हणे. एवढंच बोलली, “तुमच्या येशूला मारणाऱ्यांनी त्याच्या तहानेला आंबट आंब तरी दिली होती.”

त्या दिवसापासून विहिरीचं पाणी आंबट झालं. वर्षभर वरल्यांनी तेच पाणी प्यायलं आणि कुणी कुणापाशी चवीचा विषय काढला नाही.

पुढल्या वर्षी त्याच दिवशी, त्याच वेळी, दीना रिकामी घागर घेऊन पुन्हा इथं उभी राहिली. खालल्या वाड्याला तोवर स्वतःचा आड झाला होता. तरी तिनं हाक मारली. वरल्यांतली सगळ्यात म्हातारी, कोंडाबाई, उपासनेतून उठली. मुलानं पदर धरला, तो तिनं सोडवून घेतला. कळशी भरून ती ओढ्यात उतरली, इकडं आली, आणि दीनाच्या घागरीत घोटभर पाणी ओतून, त्याच घागरीला तोंड लावून आधी स्वतः प्यायली. मग घागर भरली.

“मग दीना प्यायली?” मी विचारलं.

“नाही. तिनं ते पोरीच्या मातीवर ओतलं. म्हणली, दरसाल बोलवीन, दरसाल या.”

“म्हणजे माफ केलं तिनं?”

“ते कुणी सांगत नाही,” आबा म्हणाले. “पाणी गोड झालं म्हणतात. जिभेला सवय झाली असंल.”

पण दोन्ही वाड्यांनी त्या मातीशेजारी मिळून चर्च बांधलं आणि एका प्याल्यातून प्रभुभोजन घेतलं, एवढं खरं. आजही शुक्रवारचं ते पाणी कुणी पीत नाही. दारालगतच्या त्या लहान चौथऱ्यावर ते ओततात आणि मगच पुढं वाचतात.

मी उभी राहिले. पहिल्यांदा शब्द ओठांतल्या ओठांत निघाले.

“कॉलेजात पुटपुटायला शिकवलं व्हय?” आबा म्हणाले.

“पाणी वाढा ओ, माय!”

पलीकडं घरांची दारं उघडी होती. एक बाई ओटीवर गहू निवडत होती, तिनं मान वर केली नाही. मी पुन्हा ओरडले, आणि पुन्हा. मागं मंडळी चर्चच्या पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. त्यांच्यात रिबेका होती, डोक्यावर पदर घेतलेली. ऊन मानेवर भाजत होतं. कितव्या तरी हाकेला माझा आवाज चिरला, तोंडातून नुसती हवा आली. आबांनी खाली पाहिलं. दीनाचाही असाच गेला असेल, असं मनात आलं आणि मला इतका राग आला की भीती कुठं गेली कळलंच नाही. मी उरलेल्या आवाजात ओरडले, “पाणी वाढा ओ, माय!”

विहिरीमागच्या दारात रिबेकाची आई आली.

“किती वरडती गं?” ती म्हणाली. “पयल्या हाकेलाच ऐकलंय सगळ्यांनी. येते.”