दोन बोटं माया

फार पूर्वी एका शिवणाच्या डब्यात कात्री आणि सुई राहत होत्या. त्यांची मालकीण सगुणा तोवर फक्त उशांचे अभ्रेच शिवत आली होती. एके दिवशी तिने लेकीच्या झग्यासाठी टसर रेशमाचं कापड आणलं आणि डब्याशेजारी ठेवलं.

कापड अंग चोरून बसलं. "मला एकदा टोचलं की भोक कायमचं राहतं," ते म्हणालं. "आणि हिचा हात तर नवखा."

"मी खडूच्या रेघेवरून नेमकं कापीन," कात्री म्हणाली. "चिंधीसुद्धा वाया जाणार नाही."

"रेघेबाहेर दोन बोटं माया सोड गं बाई," सुई म्हणाली. "शिवण आत दुमडायला कापड नको का?"

"म्हातारपणी तुला जो तो मायेचाच दिसतो," कात्री कुरकुरली. पण चालली मात्र रेघेबाहेरून.

सगुणा चुकलीच. कच्चे टाके घालून तिने झगा लेकीला घालून पाहिला, तर खांदा उतरलेला. उसवून पुन्हा टाचला, तर डावी बाही उजवीकडे. पण तिच्या कच्च्या टाक्यांना सुई रेघेच्या आत येऊ देईना. सगळं जमल्यावरच ती पक्क्या शिलाईसाठी रेघेवर आली.

लेक झगा घालून अंगणात गिरक्या घेऊ लागली. कापडाने स्वतःला खालून वर न्याहाळलं.

"सुईमावशी, इतकं टोचलंस, ती भोकं गेली कुठं?"

"आहेत की सगळी," सुई म्हणाली. "आत, मायेत."