कंटकरावाचे काटे

संगणकाचे पडदे माठासारखं पोट पुढे काढून बसत, त्या काळची गोष्ट. अशाच एका पडद्यावरच्या चित्रात कंटकराव नावाचं साळिंदर राहायचं. एक दिवस कंटकरावाने काचेला नाक लावून आपले काटे पाहिले आणि तो किंचाळला, "अरे देवा! हे काटे आहेत की जिन्याच्या पायऱ्या?"

संगणकाचा पंखा म्हणाला, "कडा मऊ करायची कळ आहे ना! दोनवर ठेवू? हातभर लांबून छान दिसेल."

"लांबून कोण बघतंय? सोळावर ने!"

"मला धाप लागेल हो. शिवाय बारीक रेघा विरघळतात."

"विरघळू देत!"

पंखा घरघरला, चित्र पाऊण तास अडकलं आणि काटे धुक्यासारखे मऊ झाले. कंटकराव स्वतःवरच भाळला. एवढ्यात, रोज त्याला लांबून वळसा घालून जाणारी कोल्हीण थबकली.

"अगबाई, ससा! आणि किती गुबगुबीत!"

"मी साळिंदर आहे!"

"कशावरून?" कोल्हीण जिभल्या चाटत जवळ आली.

कंटकरावाने त्वेषाने पाठ फुगवली. ती उशीसारखी फुगली.

"पंख्या, दोनवर आण! लवकर!"

"आणतो की," पंखा धापा टाकत म्हणाला, "पण आधी जरा दम खाऊ द्या."