समुद्राकडची भिंत

एकदा एका मोठ्या शहराच्या किनाऱ्यावर परमुलखातून आलेल्या कोळ्यांची वस्ती होती. ती माणसे आली तेव्हा तिथे नुसता चिखल. कुणी फुकट दिला असता तरी घेतला नसता. त्यांनी भर घातली, घरे बांधली, आणि मग काय, जागेला सोन्याचा भाव आला! एका व्यापाऱ्याने ती विकत घेतली. वस्ती हटवण्याचा हुकूम निघाला.

त्या सकाळी पाण्यावर विरळ धुके होते. सगळे बोचकी बांधत होते. वस्तीचा वृद्ध तांडेल मात्र आपल्या घराच्या समुद्राकडच्या भिंतीला शांतपणे चुना लावत बसला होता, जणू उद्या सण आहे.

त्याच्याकडे होडी हाकायला शिकणारा तरुण शिष्य संतापला. "बाबा, वेड लागलंय का तुम्हाला? तासाभरात बुलडोझर येतोय!"

"तुझा भाऊ कुठे आहे?" तांडेलाने विचारले.

"समुद्रावर. वस्तीच्या तिन्ही होड्या परवापासून तिकडेच आहेत."

"त्यांना हुकूम कुणी सांगितला? खडकांतून आत यायला एकच वाट आहे. पांढरी भिंत आणि मागचा ताड एका रेषेत आले की सुकाणू सरळ धरायचं, हे मीच शिकवलंय त्यांना. ते भिंत शोधत येतील रे."

शिष्याने हातातले बोचके टाकून कुंचला उचलला. तेवढ्यात बुलडोझर आलाच. एका धक्क्यात भिंत आडवी झाली.

तांडेलाने जुने पांढरे शीड दोन बांबूंना बांधले. "एक टोक तू धर." जिथे भिंत होती, नेमके तिथेच दोघे उभे राहिले.

"आता कसला हट्ट?" बुलडोझरमागून आलेला व्यापारी ओरडला. "जागा माझी आहे!"

"असू दे, शेठ. पोरं घरी येईपर्यंत उभं राहू द्या."

हात भरून आले. धुक्यातून एक होडी उमटली, मग दुसरी. तिसरीत भाऊ होता. खडकांमधून तिन्ही होड्या अलगद, सरळ आत आल्या. शिष्य ढसाढसा रडला.

तांडेलाने शीड खाली ठेवले आणि हात जोडले. "शेठ, तुम्ही ही जागा रस्त्यावरून पाहिलीत. पाण्यावरून ती घरची वाट दिसते. इमारत बांधाल तेव्हा समुद्राकडची एक भिंत पांढरी ठेवा. आम्ही नसू, पण कुणी ना कुणी येतच असेल."

व्यापारी पहिल्यांदाच पाण्याकडे तोंड करून उभा होता.

आणि शिष्याने सामानाच्या ट्रकमध्ये सगळ्यांत आधी चुन्याची बादली चढवली.